घरच्यांसाठी? : एका शाळामास्तराच्या अधोगतीचा अभ्यास



सैन्यातील नोकरी पुरी करून घरी आलेल्या माझ्या नातवाने या हिवाळ्यात मला एक इंग्रजी टेलिव्हिजन मालिका पहिल्यापासून शेवटपर्यंत दाखविली. "आजोबा, तुम्ही मुंबईला सायन्सचे मास्तर होता ना? मग हे बघाच," असे म्हणून त्याने मला पडद्यासमोर बसविले. एकंदर ६२ भाग. शेवटचा भाग संपला तेव्हा तो आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, "तो माणूस तसा वाईट नव्हता, आजोबा. जे केलं ते घरच्यांसाठी केलं."

मला त्याला लगेच उत्तर देता आले नाही. 'घरच्यांसाठी' हा शब्द आपल्या लोकांत फार मानाचा आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी मुलाबाळांकडे पाहूनच देश सोडला, नवी भाषा शिकली, मिळेल ते काम पत्करले. म्हणूनच हा शब्द एखाद्या गुन्हेगाराच्या तोंडी आला की तो तपासून पाहणे आपल्याला भाग आहे. प्रस्तुत लेखात दोन प्रश्नांचा विचार केला आहे. साधा माणूस वाईट मार्गाला लागतो तो कसा? आणि 'घरच्यांसाठी' हे कारण खरे की खोटे, हे ओळखावे कसे?

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांना सर्व समजावे म्हणून गोष्ट शेवटापर्यंत सांगितली आहे.

मालिकेची ओळख

मालिकेचे नाव 'ब्रेकिंग बॅड'. वाईट मार्गाला लागणे, असा त्याचा अर्थ घ्यावा. अमेरिकेतील एएमसी या वाहिनीवर ती २० जानेवारी २००८ रोजी सुरू झाली आणि २९ सप्टेंबर २०१३ रोजी संपली. तिचे निर्माते व्हिन्स गिलिगन. आपल्याला 'मिस्टर चिप्स'चा 'स्कारफेस' करून दाखवायचा आहे, असे त्यांनी आरंभीच सांगितले होते. मिस्टर चिप्स हा एका जुन्या इंग्रजी कादंबरीतील प्रेमळ शाळामास्तर, आणि स्कारफेस हा १९८३ सालच्या चित्रपटातील कोकेनचा निर्दय व्यापारी. नेहमीच्या मालिकांत नायक पहिल्या भागात जसा असतो तसाच शेवटच्या भागातही असतो. येथे माणूस बदलत जातो आणि तो बदल हाच मालिकेचा विषय आहे.

नायक वॉल्टर व्हाइट याची भूमिका ब्रायन क्रॅन्स्टन यांनी केली. तोवर लोक त्यांना एका विनोदी मालिकेतील भोळा बाप म्हणून ओळखत, त्यामुळे वाहिनीचे अधिकारी साशंक होते. पुढे याच भूमिकेसाठी त्यांना चार वेळा एमी पारितोषिक मिळाले.

मास्तर होता कसा?

न्यू मेक्सिको राज्यातील अल्बुकर्की हे शहर. वॉल्टर तेथील हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवितो. त्याला नुकतेच पन्नासावे लागले आहे. वर्षाचा पगार ४३,७०० डॉलर. तेवढ्यात भागत नाही म्हणून शाळा सुटल्यावर तो मोटारी धुण्याच्या दुकानात गल्ल्यावर बसतो. कामाला माणूस कमी पडला की मालक त्याला मोटारी पुसायला लावतो, आणि एके दिवशी त्याच्याच वर्गातील एका श्रीमंत मुलाच्या मोटारीची चाके त्याला गुडघे टेकून पुसावी लागतात. मुलगा हसतो. घरी भिंतीवर मात्र १९८५ सालचे एक मानपत्र टांगलेले आहे. नोबेल पारितोषिक मिळालेल्या एका संशोधनाला या माणसाने हातभार लावला होता, असे त्यावर लिहिले आहे.

बायको स्कायलर गरोदर आहे. पंधरा वर्षांचा मुलगा जन्मापासून अपंग, कुबड्या घेऊन चालतो. वॉल्टरचा साडू हँक हा अमली पदार्थांविरुद्ध काम करणारा सरकारी अधिकारी, मोठ्या आवाजाचा आणि रुबाबाचा. मुलाला बापापेक्षा त्याचे कौतुक अधिक. अशातच वॉल्टर कामावर कोसळतो आणि फुप्फुसाचा कॅन्सर असल्याचे निघते. शस्त्रक्रिया होण्याजोगी नाही. उपचार केले तर फार तर दोन वर्षे.

एक शाळामास्तर म्हणून सांगतो, मोटारीची चाके पुसण्याचा तो प्रसंग पाहताना माझे डोळे भरून आले. आपण येथेच त्याच्या बाजूला जाऊन उभे राहतो, आणि पुढे फार उशिरापर्यंत तेथून हलत नाही.

पहिली पायरी : जुना विद्यार्थी

हँकबरोबर पोलिसांची धाड पाहायला गेला असता वॉल्टरला खिडकीतून पळणारा एक तरुण दिसतो. तो त्याचाच जुना विद्यार्थी जेसी पिंकमन. हा मुलगा मेथॅम्फेटामिन नावाचे घातक मादक द्रव्य बनवून विकतो. वॉल्टर त्याला गाठतो. सल्ला द्यायला नव्हे. "तुला धंदा माहीत आहे, मला रसायनशास्त्र, माझा भागीदार हो, नाहीतर तुझे नाव पोलिसांना सांगतो," अशा आशयाचे तो बोलतो.

वॉल्टरचा पहिला गुन्हा द्रव्य बनविणे हा आहे असे बहुतेकांना वाटते. नीट पाहिले तर त्याआधी त्याने आपल्या विद्यार्थ्याला धमकी दिली आहे. त्यानंतर तो शाळेच्या प्रयोगशाळेतील काचसामान चोरतो. काही दिवसांनी त्या चोरीचा तपास होतो तेव्हा संशय शाळेच्या एका शिपायावर जातो. त्याच्या गाडीत थोडा गांजा सापडतो आणि बिचाऱ्याची नोकरी जाते. वॉल्टरला शाळेत ओकारी झाली तेव्हा याच शिपायाने ती मायेने साफ केली होती. वॉल्टर सर्व जाणतो आणि गप्प बसतो. एका गरिबाची भाकरी गेली, तीही घरच्यांसाठी!

दुसरी पायरी : कागदावरची यादी

धंद्याच्या पहिल्याच व्यवहारात दोन विक्रेते त्यांच्या जिवावर उठतात. स्वतःला वाचविताना वॉल्टर विषारी वायू तयार करतो. त्यातील एक मरतो, दुसरा जगतो. या दुसऱ्याला जेसीच्या तळघरात खांबाला जखडून ठेवतात. वॉल्टर त्याला सँडविच खाऊ घालतो, त्याच्याशी बोलतो, आणि वर जाऊन एका कागदावर यादी करतो. एका बाजूला त्याला न मारण्याची कारणे, दुसऱ्या बाजूला मारण्याची. पहिल्या बाजूला पुष्कळ कारणे आहेत. दुसऱ्या बाजूला एकच : सोडले तर हा माझ्या सबंध कुटुंबाला मारील.

शेवटी सोडायचे ठरते. किल्ली घेऊन खाली जाताना त्याच्या मनात येते की फुटलेल्या बशीचा एक तुकडा कमी होता. कैद्याने तो शस्त्र म्हणून लपविला आहे. वॉल्टर त्याचा गळा आवळतो आणि रडत रडत क्षमा मागतो. पहिल्या खुनाच्या वेळी हा माणूस रडला होता, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

नाकारलेली मदत

आता या अभ्यासातला सर्वात महत्त्वाचा प्रसंग. तो पाचव्या भागातच येतो, पण कथेची किल्ली त्यात आहे.

तरुणपणी वॉल्टरने आपला मित्र एलियट श्वार्ट्झ याच्यासह एक कंपनी काढली होती. काही कारणाने तो त्यातून बाहेर पडला आणि आपला हिस्सा अवघ्या ५,००० डॉलरला विकून बसला. पुढे कंपनी अब्जावधींची झाली. ज्या ग्रेचेनवर वॉल्टरचे प्रेम होते तिने एलियटशी लग्न केले. या जोडप्याला त्याच्या आजाराची बातमी कळते. एलियट त्याला कंपनीत नोकरी देऊ करतो आणि उत्तम विमा मिळेल असे सांगतो. त्यानंतर ग्रेचेन स्वतः फोन करून उपचाराचा सर्व खर्च देऊ करते.

विचार करा. कारण जर घरच्यांसाठी एवढेच होते, तर ते या क्षणी संपले. वॉल्टर नाही म्हणतो, खोटे सांगून फोन ठेवतो आणि पुन्हा जेसीच्या दारात जाऊन उभा राहतो. घरी मात्र सांगतो की पैसे एलियट आणि ग्रेचेनच देत आहेत. म्हणजे त्यांचे पैसे घेतल्याचे खोटे नाव त्याला चालते, खरे पैसे चालत नाहीत. त्याला दुखत होता तो अपमान. पोटाची गरज त्याच्या मागे उभी केलेली होती.

७,३७,००० चा हिशेब

दुसऱ्या पर्वाच्या आरंभी वॉल्टर तोंडी हिशेब करतो. दोन मुलांचे कॉलेज, घराचे कर्ज, महागाई, सगळे धरून त्याला ७,३७,००० डॉलर हवेत. तेवढे झाले की बस्स. असा आकडा ठरविणारा माणूस आपल्याला शहाणा वाटतो, कारण आकड्याला शेवट असतो.

पुढे दोन गोष्टी घडतात. पहिली, उपचारांना यश येऊन गाठ ८० टक्क्यांनी लहान होते. घरचे आनंदाने रडतात. वॉल्टर स्वच्छतागृहात जाऊन भिंतीवरच्या टॉवेलच्या डब्यावर बुक्क्या मारमारून तो चेपवून टाकतो. मरणार म्हणून सर्व माफ होते, आता जगायचे म्हणजे जाब द्यायचा. थोड्याच दिवसांनी एका दुकानात मेथचे सामान विकत घेणाऱ्या दोघांना तो बाहेर गाठतो आणि आपल्या इलाख्यात पाय ठेवू नका म्हणून दरडावतो. त्या घटकेला त्याला पैशाची निकड नव्हती.

दुसरी गोष्ट तिसऱ्या पर्वातील. गुस्ताव्हो फ्रिंग हा बड्या धंद्याचा मालक त्याला तीन महिन्यांच्या कामाचे ३० लाख डॉलर देऊ करतो. आकड्याच्या चौपट! यावर वॉल्टर स्वतःच उत्तर देतो की पैसा आता गरजेपेक्षा जास्त झाला आहे, गमावले आहे ते कुटुंब. किती खरे बोलला! आणि तरीही काही दिवसांत तो हो म्हणतो. फ्रिंग त्याला एक नवीकोरी प्रयोगशाळा दाखवितो आणि समजावितो की कोणी कदर करो न करो, पुरुषाने कुटुंबाला पुरवावयाचे असते. चांगल्या शब्दाचे आमिष कसे होते ते येथे पाहावे. बायकोने घटस्फोट मागितला आहे, मुले दुरावत आहेत, आणि तरी म्हणावयाचे, घरच्यांसाठी.

पाचव्या पर्वात त्याला ५० लाख डॉलर घेऊन धंद्यातून मोकळे होण्याची संधी मिळते. तो ती नाकारतो आणि जेसीला त्या ५,००० डॉलरची गोष्ट सांगतो. आज ती कंपनी २१६ कोटींची आहे, आणि आपण दर आठवड्याला तिची किंमत पाहतो, असेही सांगतो. एवढी वर्षे, दर आठवड्याला! जखम बरी होऊ नये म्हणून माणूस स्वतःच ती खरवडीत होता.

काही न करण्याचे पाप

दुसऱ्या पर्वाच्या शेवटी एका रात्री वॉल्टर जेसीच्या घरी येतो. जेसी आणि त्याची मैत्रीण जेन हेरॉइनच्या गुंगीत पडलेली आहेत. जेनला वॉल्टरचे गुपित ठाऊक आहे आणि तिने त्याच्याकडून जेसीच्या वाट्याचे पैसे धाक घालून मिळविले आहेत. जेसीला हलविताना जेन उताणी होते आणि ओकारी घशात अडकून गुदमरू लागते. वॉल्टर धावतो, थबकतो, आणि उभा राहतो. ती मरते. त्याच्या डोळ्यांत पाणी येते, मग चेहरा कोरडा होतो.

त्याने तिला हात लावला नाही. कोर्टात कदाचित काही सिद्धही झाले नसते. पण जिला कुशीवर वळविले असते तर ती जगली असती, तिला न वळविणे हे कृत्यच आहे. आणि ते एका खोलीत राहत नाही. जेनचा बाप विमानांना मार्ग दाखविण्याचे काम करतो. मुलीच्या दुःखात तो कामावर परततो, त्याच्या हातून चूक होते, आणि दोन विमाने शहरावर आकाशात आदळतात. १६७ माणसे मरतात.

यानंतर शाळेत मुलांची सभा भरते. मुले रडत आहेत. आमचे मास्तर ध्वनिक्षेपक घेऊन सांगतात की जगातील विमान अपघातांच्या यादीत हा अपघात पन्नासावा लागतो, तेव्हा एवढे वाईट वाटून घेऊ नका. चाळीस मुलांच्या वर्गासमोर उभे राहून मी आयुष्य काढले. मला बंदुकांच्या प्रसंगांपेक्षा या भाषणाची भीती अधिक वाटली.

बदललेली नावे

या कथेत नावांकडे लक्ष द्यावे. धंद्यात वॉल्टर स्वतःला 'हायझेनबर्ग' म्हणवितो. हे थोर जर्मन शास्त्रज्ञाचे नाव. काळी टोपी घातली की तो हायझेनबर्ग, काढली की वॉल्टर. दोन नावे घेतली की एकाचे पाप दुसऱ्याला लागत नाही, असे माणसाला वाटू लागते.

त्याचा वकील सॉल गुडमन याचेही तेच. आपल्या वाचकांना हे थोडे टोचेल. हा गृहस्थ ज्यू नाही. त्याचे खरे आडनाव मॅकगिल. ज्यू वकील म्हटला की गिऱ्हाइकाला भरवसा वाटतो म्हणून त्याने हे नाव लावले, असे तो स्वतःच सांगतो. आपल्या लोकांबद्दलची एक जुनी समजूत त्याने दुकानाची पाटी म्हणून वापरली. मालिका त्याला हसते, आपणही हसावे, पण पाटी ओळखून हसावे.

दुसऱ्याच्या हातून

पुढील पायऱ्या भराभर येतात. गेल नावाचा एक सालस रसायनतज्ज्ञ वॉल्टरच्या जागी येणार असतो. तो आला की आपल्याला मारतील, म्हणून वॉल्टर जेसीला त्याचा खून करायला लावतो. वॉल्टर वाचतो आणि जेसीचे मन कायमचे मोडते. चौथ्या पर्वात जेसीला आपल्या बाजूला ओढण्यासाठी तो जेसीच्या नव्या मैत्रिणीच्या लहान मुलावर विषप्रयोग घडवून आणतो. मुलगा वाचतो, पण वॉल्टरला ते आधी ठाऊक नव्हते. पाचव्या पर्वात आगगाडीतून रसायन चोरताना वॉल्टरचा एक साथीदार मोटारसायकलवरून आलेल्या एका पोराला गोळी घालतो. त्या पोराची बातमी टेलिव्हिजनवर लागते तेव्हा वॉल्टर जेसीला सांगतो की आपल्यालाही झोप येत नाही. जेसी बाहेर पडतो न पडतो तोच मास्तर काम करता करता शीळ घालू लागतात.

तळघरात रडणारा माणूस आठवा आणि ही शीळ ऐका. मालिकेच्या हिशेबाने या दोहोंत दोन वर्षांपेक्षा कमी काळ गेला आहे.

आणखी एक पाहण्यासारखे. ज्यांच्यासाठी हे विष बनते ती माणसे वॉल्टरला जवळजवळ दिसतच नाहीत. व्यसनी आईबापांच्या घाणेरड्या घरात उपाशी बसलेले एक पोर आहे. ते पाहतो जेसी. त्याला खाऊ घालतो, बाहेर नेऊन बसवितो. वॉल्टर पाहतो फक्त मालाची शुद्धता. आपल्या कामाचा दुसरा माणूस आपल्याला दिसेनासा झाला की हात वाटेल ते करू शकतात.

घराचे काय झाले?

वॉल्टर अखेर धंदा सोडतो, तेही तेव्हा, जेव्हा बायको त्याला गोदामात नेऊन न मोजता येणारी नोटांची रास दाखविते. पण त्यानंतर हँकला संशय येतो. शेवटी वाळवंटात एका टोळीच्या हाती हँक सापडतो. वॉल्टर साडूच्या जिवासाठी पुरलेले सगळे धन, सुमारे ८ कोटी डॉलर, देऊ करतो. टोळीवाले हँकला मारतात आणि पैसेही काढून नेतात, त्याच्यासाठी एक पिंप मागे ठेवून. घरच्यांसाठी मिळविलेल्या सबंध राशीला घरचा एक माणूस विकत घेता आला नाही.

वॉल्टर दूर बर्फाळ न्यू हॅम्पशायरात लपतो. तेथून मुलाला फोन करून काही पैसे पाठवितो म्हणतो. मुलगा ओरडून सांगतो की तुमचे पैसे नकोत, तुम्ही मरत का नाही! ज्याच्यासाठी सर्व केले त्याची ही पावती.

शेवटच्या भागात उरलेले सुमारे ९७ लाख डॉलर मुलापर्यंत पोचवायचे कसे, हा प्रश्न येतो. वॉल्टर एलियट आणि ग्रेचेन यांच्या घरी जातो आणि धाक घालून ते पैसे त्यांच्या हवाली करतो. मुलगा अठरा वर्षांचा झाला की ते त्यांनी आपली देणगी म्हणून द्यावयाचे. वाचकहो, ज्या दोघांची मदत पाचव्या भागात नाकारली, त्यांच्याच नावाने ती शेवटच्या भागात मुलाला मिळणार. मधल्या भागांत किती प्रेते पडली ते मोजावे. मदत घेतली असती तर मुलाला तीच मिळाली असती, बापासह.

यानंतर तो बायकोला भेटतो. ती म्हणते, घरच्यांसाठी केले असे पुन्हा ऐकवू नका. तेव्हा प्रथमच तो खरे बोलतो : मी ते माझ्यासाठी केले, मला ते आवडले, मला ते चांगले जमत होते, आणि आपण जिवंत आहोत असे वाटत होते. बावन्नावे लागलेले असताना तो एका प्रयोगशाळेत, यंत्रांवरून हात फिरवीत मरतो. माझ्या नातवाला द्यावयाचे उत्तर वॉल्टरने स्वतःच देऊन ठेवले आहे.

ही कबुली खरी आहे, परंतु ती पश्चात्ताप नव्हे. हिब्रूत पश्चात्तापाला 'तेशुवा' म्हणतात आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ परतणे असा आहे. वॉल्टरला परतण्याच्या वाटा अनेक वेळा मिळाल्या. त्याने खरे सांगितले ते सगळ्या वाटा बंद झाल्यावर.

आपल्या ओळखीचा सुधाकर

मराठी वाचकाला येथे गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तला सुधाकर आठवल्यावाचून राहणार नाही. हे नाटक १९१९ साली, लेखकाच्या मृत्यूनंतर रंगभूमीवर आले. सुधाकरही बुद्धिमान, मानी वकील. त्याचीही घसरण कोर्टात झालेल्या अपमानापासून सुरू होते. तळीराम प्याला पुढे करतो आणि सुधाकर 'एकच' म्हणून घेतो. वॉल्टरचा प्याला निराळा. पण दोघांच्याही बाबतीत आधी मान दुखावला, मग 'एकदाच' म्हटले गेले, आणि किंमत बायकोमुलांनी दिली. फरक हा की सुधाकरने आपण सिंधूसाठी पितो असे कधी म्हटले नाही.

आपल्यासाठी बोध

दुखावलेला मान आपल्याला परका नाही. मुंबईत हेडक्लार्क, मास्तर, रेल्वेत बाबू असलेली आपली माणसे येथे येऊन कारखान्यात यंत्रांपुढे उभी राहिली. मीही राहिलो. बाटल्यांच्या पट्ट्यासमोर उभा असताना माझ्याहून वीस वर्षांनी लहान मुकादम मला भाषा येत नाही म्हणून हसे, तेव्हा रात्री झोप लागत नसे. मी रात्रपाळ्या मागून घेऊ लागलो. घराचे कर्ज होते, मुले शिकत होती, कारण खरे होते. कर्ज फिटले तरी मी रात्रपाळी सोडली नाही. मला मोटार घ्यावयाची होती, आणि ती मुकादमाच्या मोटारीशेजारी उभी करावयाची होती. एके दिवशी डबा भरता भरता बायको म्हणाली, "अहो, कर्ज फिटलं ना? मग आता ही रात्रपाळी कोणासाठी?" मला उत्तर सुचले नाही. मोटार नंतर घेतली, सावकाश, आणि ती कोणाच्या शेजारी उभी करण्याचे मनातून गेले होते.

रात्रपाळी हा काही गुन्हा नव्हे, आणि माझी तुलना वॉल्टरशी करावयाची नाही. सांगावयाचे इतकेच की तो ज्या पहिल्या पायरीवर उभा होता ती आपल्यालाही ठाऊक आहे, आणि माझ्या बायकोचा प्रश्न हीच कसोटी आहे. गरज पुरी झाल्यावर आपण थांबलो का? थांबलो नाही तर कारण दुसरेच होते. तसेच, तीच गरज भागविणारी सरळ मदत कोणी पुढे केली असता आपण ती घेतली का? घेतली नाही तर तेथे गरजेच्या जागी मान बसला आहे.

प्रेक्षक म्हणूनही सावध राहावे. नवऱ्याला अडविणाऱ्या स्कायलरवरच अनेक प्रेक्षक संतापले. तो द्वेष इतका वाढला की ती भूमिका करणाऱ्या अ‍ॅना गन यांनी ऑगस्ट २०१३ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये त्याविषयी लेख लिहिला. २०२२ साली अल्बुकर्कीत वॉल्टर आणि जेसीचे ब्राँझचे पुतळे बसविले गेले. मालिका चांगली, नट थोर, ते खरेच. पण 'हे शेवटचे, आता याला पर्याय नव्हता' असे मनात म्हणत आपणही त्याच्याबरोबर एकेक पायरी उतरत असतो. माझा नातू चांगला मुलगा आहे, आणि ६२ भागांनंतरही तो त्याच्याच बाजूला उभा होता.

मी त्याला शेवटी एवढेच विचारले, "पाचव्या भागात मित्राने पैसे देऊ केले होते ना? मग का नाही घेतले?" तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "आजोबा, तो भाग पुन्हा लावू या."

विचार व चर्चेसाठी प्रश्न

१. वॉल्टरने एलियटची मदत का नाकारली? तुमच्या आयुष्यात मदत घेणे कठीण गेले असा प्रसंग कोणता?

२. शाळेच्या शिपायाची नोकरी जाणे आणि जेनचा मृत्यू, या दोन प्रसंगांत वॉल्टरचे 'काही न करणे' सारखेच आहे काय?

३. वॉल्टरला परत फिरता येईल अशा किती वाटा होत्या? कोणत्या वाटेपर्यंत घर वाचले असते असे तुम्हाला वाटते?

४. 'घरच्यांसाठी' असे आपण म्हणतो तेव्हा घरच्यांना विचारलेले असते काय?